कोपऱ्यावरचं कुंकू

"अक्का, अगं थांब!" त्र्यंबकराव ओरडले, पण उशीर झाला होता. थोरल्या बहिणीनं सगळ्या लग्नपत्रिकांच्या चारही कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लावलं होतं. खालच्या कोपऱ्यातल्या क्यूआर कोडवरही लाल डाग मजेत पसरला होता.

"कोरडी पत्रिका पाठवतात का कुठं?" अक्का म्हणाली.

गावात एकाच नावाची दोन मंगल कार्यालयं होती. पाहुणे चुकू नयेत म्हणून नकाशाचा तो कोड त्र्यंबकरावांनीच हट्टानं छापून घेतला होता. शेजाऱ्यांच्या फुटक्या फोनवर, जिन्यातल्या अंधारात, पत्रिका वाकडी धरूनही तपासला होता. "बाबा, लग्न माझं आहे की या चौकोनाचं?" मृण्मयी चिडवायची. आणि आता पत्रिका वाटायला निघायच्या वेळी हे!

मृण्मयीनं फोन धरला. त्र्यंबकरावांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा, उघडला! नकाशा आला!"

त्यांनी दुसरी पत्रिका पुढं केली, मग तिसरी. सगळ्यांवरचे कोड उघडले! तेव्हा कुठं त्यांना आठवलं. "डाग पडला तर?" असं त्यांनी छापखान्यात चाचरत विचारलं होतं, आणि छपाईवाल्यानं हसत हसत, थोडा झाकला तरी वाचता येईल असा कोड करून दिला होता.

"अक्का, अजून लाव!" आजवर एकाही वरातीत न नाचलेले त्र्यंबकराव पत्रिका उंच धरून गिरक्या घेऊ लागले.

अक्कानं उरलेलं कुंकू त्यांच्याच कपाळाला फासलं.

"बाबा, हलू नका," मृण्मयीनं फोन रोखला, "हा स्कॅन होतोय का बघू दे!"