प्रार्थनेतला फोटो

वेदीसमोर दिंडोरीच्या द्राक्षांचे घड रचले होते. चर्चमध्ये कापणीचा सण होता. तरुण संघातर्फे फोटो काढायचं काम रिबेकाकडे होतं. उद्या दहावीची पूर्वपरीक्षा, आणि स्पर्धेला फोटो पाठवायला आजचाच दिवस उरलेला. प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले, तसा तिने कॅमेरा डोळ्याला लावला. पहिल्याच बाकावर, अंबडच्या कंपनीत सगळं ठीक चाललंय असं रोज सांगणारे पप्पा मुकाट्याने रडत होते. खिडकीतलं ऊन नेमकं त्यांच्या ओल्या गालावर आलं होतं. असा फोटो पुन्हा मिळणार नव्हता. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, “दहावीच्या मुलांसाठी रिबेका प्रार्थना करेल.” “हे प्रभू…” म्हणून ती अडकली. बटण दाबावं, प्रार्थना करावी, की पप्पांपाशी जावं? ती गप्प का झाली ते पाहायला पप्पांनी डोळे उघडले. कॅमेरा दिसताच पटकन गाल पुसून ते फोटोसाठी हसले.