पुलाची मतं

सायकलच्या कॅरिअरला भोंगा बांधता बांधता मी म्हणालो, "नर्सबाई, लोक म्हणतात, तुम्हाला मत म्हणजे वाया गेलेलं मत."

"म्हणू देत," बाई म्हणाल्या. "वेळेवर होडी मिळाली नाही म्हणून तीन बाळंतिणी माझ्या डोळ्यांदेखत नदीकाठावरच दगावल्या. मी पुलासाठी उभी आहे."

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि माझं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. शिलाई मशीन ही निशाणी घेऊन आम्ही दोघं नदीकाठची सगळी गावं हिंडलो. कुणी भाकरी वाढायचं, कुणी तोंडावर हसायचं.

निकालात बाईंना अकराशे बेचाळीस मतं पडली. डिपॉझिट गेलं. पण जुने आमदार पडले ते अवघ्या सातशे मतांनी.

आठवड्याच्या आत नवे आमदार बाईंच्या ओसरीवर येऊन बसले. "बाई, पुढच्या वेळी तुमची मतं आम्हाला द्या."

"ती माझी नाहीत हो, पुलाची आहेत," बाई म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या.

चार वर्षांत पूल झाला. उद्घाटनाला बाईंचं नाव कुणी घेतलं नाही. त्या गेल्याही नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दुकानात आल्या. "चल रे रंगनाथ, पलीकडे जाऊन येऊ."

आम्ही चालत गेलो आणि परत आलो. अर्धा तासही लागला नाही. बाईंना ते खरंच वाटेना.

"अजून एकदा जाऊ या का रे?" त्यांनी विचारलं.

आम्ही पुन्हा गेलो.