तटस्थ खाट

“दाजी, चाळीस मानसं द्या. लाठ्या आम्ही देसूत.”

चुडामण चावडीच्या पायरीशी उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, छातीचा भाता चाललेला. कोसभर पळत आला होता.

त्याच्या बहिणीचे यजमान, लोटन आबा पाटील, यांनी पेपरची घडी घातली. पेपर धुळ्याहून दोन दिवस उशिरा येई. आबा तो वाचायला लागल्यापासून गावाचे निर्णयही तेवढेच उशिरा होत.

भानगड साधी होती. पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून चुडामणच्या गावच्या गव्हाला पाणी जाई. वरच्या गावाने सकाळी पाटाचं तोंड दगडमातीने बुजवायला घेतलं. चुडामणचा धाकटा भाऊ झिपरू त्या तोंडात जाऊन बसला आणि उठेना. वरच्या गावाने त्याला दिवस मावळेपर्यंत मुदत दिली. मग त्याच्यासकट बुजवणार. ते ऐंशी जण. इकडचे सोळा, त्यात दोघांना दिसत नव्हतं.

“मागल्या साली तुम्हना बांधवर आम्हना तीस जन येल व्हतात ना, दाजी?”

“तवा पेपर नही व्हता,” आबा म्हणाले. “आते ऐक. कोरियामा मोठी लढाई शे. सगळे म्हनतस, फौज धाडा. आपला देश म्हने, नही. आपले डॉक्टर गयात फक्त. येले तटस्थ म्हनतस.”

दाराआडून सुगंधाबाई बोलल्या. चुडामण आणि झिपरू दोघेही त्यांचे पाठचे भाऊ.

“देशनी सासरवाडी शे का कोरियामा?”

आबांनी पेपर पुन्हा उघडून पाहिला. “तसं काही छापेल नही.”

चावडीवर एकमताने ठरलं. माणसं जाणार नाहीत. सहानुभूती दोन्ही गावांना सारखी. जखमींसाठी एक खाट जाईल आणि सोबत हाडं बसवणारा हनीफ. दोन्हीकडचे हातपाय तो सारख्याच मायेने बसवेल, कोणाकडे जास्त बघणार नाही. खाट वाहायला चौघे जातील, पण त्यांनी हात खाटेलाच ठेवायचे.

चुडामण आबांच्या पायांवर पडला. आबांनी पाय मागे घेतले. ते पुढे ठेवले असते तर एका बाजूला झुकल्यासारखं दिसलं असतं.

“दाजी, दिवस कलना. मना भाऊ मरी जाई.”

“म्हनीसनच तर खाट देतोय.”

सुगंधाबाईंनी खाटेवर पांढरं धोतर अंथरलं. त्यावर डॉक्टरांसारखी लाल फुली काढायची होती. पण घाईत करंडाच कलंडला. फुली झालीच नाही, नुसतंच कुंकू सांडलं. जखमा धुवायला ऊन पाण्याचं मडकं दोरीने बांधून त्यांनी भावाच्या हातात दिलं.

पुढे चुडामण, हातात वाफ निघणारं मडकं. मागे चौघांच्या खांद्यांवर खाट. त्यामागे हनीफ, खाली मान घालून. नदीकाठाने ते जवळजवळ पळतच निघाले. सूर्य बाभळींना टेकला होता.

बंधाऱ्यावरून वरच्या गावाने त्यांना लांबूनच पाहिलं. एकाने हातातला दगड खाली ठेवला आणि टोपी काढली. मग दुसऱ्याने. असं करत ऐंशीच्या ऐंशी जणांनी हात जोडले. तिरडीपुढे कोणी वैर धरत नाही.

पाटाच्या तोंडात झिपरू पोटरीपर्यंत दगडांत रुतला होता. त्याने मान वळवली. थोरल्या भावाच्या हातात मडकं होतं, म्हणजे घरात बापच गेला असणार. एवढा वेळ ऐंशी जणांनी हलवून तो हलला नव्हता. आता त्याने पाय उपसून काढले, “बा!” म्हणून हंबरडा फोडला आणि धावत येऊन खाटेखाली खांदा दिला.

खाट फारच हलकी लागली.

वरच्या गावातला एक म्हातारा पुढे आला. त्याने हळूच विचारलं, “कोन गया, भाऊ?”

चुडामण मागे वळला. सगळे हनीफकडे बघू लागले. त्याने, बजावलं होतं तसं, दोन्हीकडे सारखंच पाहिलं.

“आजून कोनी नही.”