प्रामाणिकपणाची परीक्षा

ग्राहकांना टोप्या घातल्याबद्दल फायनान्स कंपनीला दंड झाला, आणि वर नियामक मंडळाची तंबी: अख्ख्या स्टाफने प्रामाणिकपणाची ऑनलाइन परीक्षा पास करायची, नाहीतर परवाना रद्द. साहेबांसकट सगळ्यांनी आपापल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या नियमपालन विभागातल्या बाईंच्या टेबलावर आणून टाकल्या. "बाई, तेवढं आमचंही उरकून टाका. आम्हाला कुठे वेळ आहे!"

बाई कंबर कसून एकेकाच्या नावाने परीक्षा देत सुटल्या. शेवटचा प्रश्न सगळ्यांना तोच होता: 'या परीक्षेत तुम्ही काही लबाडी केलीत का?' बाई प्रत्येकासाठी 'नाही' दाबत गेल्या. स्वतःची पाळी येईपर्यंत खोटं बोलून बोलून त्यांचा जीव इतका विटला होता, की बोट आपसूक 'हो'वर पडलं.

निकाल लागला. सगळे पास, बाई तेवढ्या नापास.

नोकरीवरून काढल्याचं पत्र हातात ठेवताना साहेबांचा आवाज खरोखर कातर झाला.

 

"बाई, इतक्या प्रामाणिक माणसांत तुम्ही शिरलात तरी कशा?"