एक कागद दाखवा

खोक्यावर त्याचंच नाव होतं. ओझेल पिकेट. खाली साल, आणि सालाखाली एकच शब्द, जन्मठेप.

मिसिसिपीतल्या त्या कोर्टाच्या तळघरात सकाळपासून तो जुनी खोकी उपसत होता. कैद्याचे हात फुकटात मिळतात, म्हणून सरकारी साफसफाईला कैदीच आणायचे, ही तिथली रीत. लाल शिक्क्याचं खोकं फळीवर, बिनशिक्क्याचं कागद चिरायच्या यंत्रात. शिवाय दुपारच्या समारंभाच्या तीनशे पत्रिका झेरॉक्स मशीनवर काढायच्या होत्या. आज दोन वाजता इमारतीला क्लेटन मॅब्रीचं नाव मिळणार होतं. हा मॅब्री चाळीस वर्षं इथला सरकारी वकील. पत्रिकेवर त्याचा हसरा फोटो, आत त्यानं जिंकलेल्या खटल्यांची यादी. एकोणिसावा खटला ओझेलचा. मागचं पान कोरं.

पहारेकरी ड्वेन खुर्चीत रेलून उकडलेल्या शेंगा सोलत होता. ओझेलनं खोकं उघडलं.

वरच एक पिवळा पडलेला जबाब होता. ज्या दुकानदाराच्या खुनासाठी ओझेल आत होता, तो खून झाला त्या दिवशी दुकानासमोरच्या घरातल्या मिसेस टॅलीनं पोलिसांना दिलेला. गोळी घालणारा गोरा होता, लाल केसांचा, आपण त्याला लहानपणापासून ओळखतो, असं ती म्हणाली होती. नावही सांगितलं होतं. ओझेलनं आपल्या काळ्या मनगटाकडे पाहिलं. कडेला निळ्या शाईत लिहिलं होतं, 'हे बचावाच्या वकिलाला द्यायचं नाही.' खाली मॅब्रीची सही, लग्नपत्रिकेवर शोभावी अशी झोकदार.

असला कागद माणूस जाळून टाकतो. मॅब्रीला तेवढीही गरज वाटली नव्हती. या तळघरात उतरणार कोण?

सव्वीस वर्षं. आई दर रविवारी भेटायला यायची. मग चाकाच्या खुर्चीतून यायची. मग यायची थांबली. आणि खटल्यात हाच मॅब्री ज्यूरीपुढे बोट नाचवत म्हणाला होता, "हा म्हणतो, मी तिथं नव्हतोच. बरं. मग एक कागद दाखव म्हणावं. फक्त एक." बारा जणांनी माना डोलावल्या. ओझेलचा वकील पेन्सिलीला टोक काढत होता.

भिंतीशी एक लोखंडी कांब होती. ती उचलावी, वर जावं आणि त्या हसऱ्या तोंडावर घालावी. हात कांबेपर्यंत गेलासुद्धा.

"काय रे, आजीचं प्रेमपत्र सापडलं का?" ड्वेन मान न वळवता म्हणाला. "शिक्का नाही ना? चिरून टाक."

हात मागे आला.

"टाकतो, साहेब. पण पत्रिका फिक्या आल्यात. पुन्हा मशीनमधून काढाव्या लागतील. मॅब्रीसाहेबांचं नाक दिसत नाहीये."

"एवढं मोठं नाक दिसत नाही म्हणजे मशीन गेलंच कामातून. काढ. पण बाराच्या आत."

चिरायचं यंत्र दुसऱ्याच खोक्यांतल्या कागदांवर बराच वेळ घरघरलं. झेरॉक्सचं त्याहून जास्त. ड्वेनचा लाल शिक्का शेंगांच्या टरफलांखाली पडला होता. ओझेलनं तो आपल्या खोक्यावर दाबला, चांगला दोनदा, आणि खोकं फळीवर ठेवलं.

दोन वाजता हिरवळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक खुर्चीवर कैद्यांनी मांडलेली पत्रिका. हिरव्या पट्ट्यांच्या कपड्यांतले ते कैदी भिंतीशी ओळीनं उभे. ऊन असं, की मंचावरच्या सरबतातला बर्फ बघता बघता विरघळला. पाहुण्यांनी तिथल्या सवयीप्रमाणे पत्रिकांचेच पंखे केले. फोटो आपल्याकडे, पाठ मंचाकडे.

पांढऱ्या सुटातला मॅब्री बोलायला उठला. हसला, चष्मा चढवला, समोर पाहिलं. आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

हिरवळभर त्याचीच झोकदार सही मागे-पुढे डुलत होती. पहिल्या रांगेतल्या न्यायाधीशबाईंनी तो कुठं बघतोय ते पाहिलं, आणि हातातली पत्रिका उलटली. मग शेजारच्यानं उलटली. मग त्यांच्या मागच्यानं.

ओझेल भिंतीशी ओळीतच उभा होता. मॅब्रीनं फक्त एक कागद मागितला होता. ओझेलनं तीनशे दाखवले.