धाकटीचं तेल

"झाकण कुठंय, बाबा?"

तेलाच्या स्टोअरच्या खिडकीतून लेकीनं विचारलं आणि पोकलेनवाल्यानं हातातली उघडी बादली नकळत मागे घेतली. पोकलेनचा फुटलेला पाइप त्यानं नुकताच बदलला होता. सांडलं तेवढं हायड्रॉलिक तेल भरलं की खोदाई सुरू. पोकलेनवाचून अडलेला डंपरवाला शेजारीच ताटकळत उभा होता.

लेकीच्या हाती स्टोअर येऊन आठवडाही झाला नव्हता. आता याचं घरचंच दुकान झालं, असं साइटवर सगळे त्याला चिडवत. तोही मिशीतल्या मिशीत हसून घेई.

"अगं, बादली आत्ताच पुसलीय. ओत लवकर."

"कशानं पुसली?"

"कशानं म्हणजे? चिंधीनं!"

तिनं बादलीतून पांढरं फडकं फिरवलं आणि त्याच्यापुढं धरलं. फडक्याला चिंधीचे धागे आणि बारीक कच चिकटली होती.

"हे धाकटीच्या पोटात घालायचं?"

धाकटी म्हणजे पोकलेन. नाव त्यानंच ठेवलेलं. थोरली खिडकीत उभी होती.

डंपरवाला खदाखदा हसला. चारचौघांत पोटच्या पोरीनं बादली परत केली! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'बापाला शिकवतेस?' असं तो ओरडणारच होता, तेवढ्यात त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली.

पिंपं छपराखाली फळ्यांवर आडवी निजवलेली. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पाणी साचतं आणि बुचातून आत झिरपतं, म्हणून आडवी. प्रत्येक तेलाचा हातपंप वेगळा, नळीच्या तोंडाला पिशवी बांधलेली. आधीचा स्टोअरवाला सगळ्या तेलांना एकच कळकट मग वापरायचा. त्या मगातल्या घाणीनंच धाकटीचा पंप खाल्ला होता. अख्खा उन्हाळा ती ताडपत्रीखाली पडून होती आणि हा रोज तिच्यापाशी जाऊन बसायचा. जेवणाचा डबा थोरलीच तिथं आणून द्यायची.

म्हणजे पोरीनं तेव्हा नुसता डबा नव्हता आणला. सगळं बघून ठेवलं होतं. त्याचा ऊर असा भरून आला की मिशी पुसायचं निमित्त करावं लागलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझा झाकणाचा कॅन दे."

तिनं तेल गाळून भरलं, झाकण घट्ट आवळलं आणि कॅनवर एक धुतलेलं फडकं ठेवलं. "ओतायच्या आधी टाकीचं तोंड यानं पुसा. चिंधी नको."

"काय रे," डंपरवाल्यानं टोमणा मारला, "घरी पोटभर वाढणारी पोरगी, इथं बापालाच माघारी धाडते?"

पोकलेनवाल्यानं कॅन छातीशी धरला. साइटच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढा आवाज चढवून म्हणाला, "घरी तरी कुठं सोडते? हात धुऊन आल्याशिवाय ताट पुढं करत नाही ती!"