तायवोचा वाटा

“आधी त्याच्यापुढे ठेव, मग आपला घास घे.” केहिंदे चाळिशीला आला, आई जाऊनही वर्षं झाली, तरी जेवायला बसलं की तिचा आवाज कानाशी यायचाच.

तो म्हणजे तायवो, केहिंदेचा जुळा भाऊ. आठ महिन्यांचा असतानाच वारला. त्यांच्या ओशोग्बो गावात जुळ्यांतलं एक गेलं की त्याची मूर्ती करायचा रिवाज; त्याप्रमाणे आईने त्याची वीतभर लाकडी मूर्ती घडवून घेतली. तिला न्हाऊ घातलं, जेवू घातलं. सदरे शिवले ते दोन. जाताना केहिंदेचा हात धरून म्हणाली, “त्याचा वाटा त्याच्याच नावाने राहू दे, बाळा.” त्याने हो म्हटलं.

म्हणून चित्रकार झाल्यावर केहिंदे प्रत्येक चित्र दोनदा काढायचा. पहिलं लोकांसाठी, जीव ओतून. दुसरं भावासाठी, उरलेल्या रंगात, भरभर, मूर्तीपुढे बसून. ते तसंच मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. त्यावर सही नाही, पुन्हा बघणंही नाही. नेम कधी मोडला नाही. पहिली चित्रं मात्र कोणी फारशी घेत नसे.

एकदा तो बाहेरगावी असताना इबादानचा चित्रविक्या लादिपो आला. मोरेनिकेने, केहिंदेच्या बायकोने, चुकून मागच्या खोलीतली चित्रं त्याच्या हवाली केली. दोन महिन्यांत केहिंदेचं नाव वर्तमानपत्रात आलं. लागोसहून माणसं येऊ लागली. केहिंदे हरखला; ती भावाच्या वाट्याची चित्रं, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पुढच्या खेपेला त्याने लोकांसाठी काढलेली, सही केलेली चित्रं धाडली. ती घेऊन लादिपो परत दारात उभा.

“दादा, हात तुमचाच आहे. पण हा माणूस तो नव्हे.”

“म्हणजे?”

“आता मलाच विचारा! अहो, त्या चित्रांत सगळं खालून दिसतं. चटईवर निजलेल्या तान्ह्याला दिसावं तसं. लोक हलत नाहीत पुढून. प्रदर्शनाच्या दाराशी तुमच्या नावाची पाटी लावलीय, शुक्रवारी उद्घाटन. थट्टा पुरे, तसलीच द्या.”

तो गेल्यावर केहिंदे मागच्या खोलीत आला. एकच चित्र उरलं होतं. त्याने ते आयुष्यात पहिल्यांदा फिरवलं.

आपण बाजार काढला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं.

चित्रात आईची हनुवटी होती, आभाळाएवढे हात होते. तिच्या कुशीत एक पोर दूध पीत होतं. त्याच्या डाव्या भुवईवर तीळ होता.

केहिंदेचं बोट आपल्या भुवईवर गेलं. तिथे तीळ होता.

सकाळी मोरेनिके अंगण झाडत होती. “अहो, उद्घाटन शुक्रवारी ना? आजच कुठे?”

“सह्या राहिल्यात सगळ्या चित्रांवर.”

“बघा! एवढं मोठं नाव झालं आणि तेच घालायचं विसरलात.”

“माझं नव्हे,” तो हळूच म्हणाला. बारीक ब्रश खिशात घालून त्याने इबादानच्या लॉरीच्या थांब्याची वाट धरली.